नरसम्मा अक्काचं थांबणं

नरसम्मा अक्काला सलग बोलता यायचं नाही. ती तोतरी नव्हती, आणि तेव्हा तिला दमही लागत नव्हता. पण एक वाक्य झालं की ती थांबायची. समोरच्यानं 'हं' म्हटल्याशिवाय तिचं दुसरं वाक्य बाहेर पडायचं नाही. 'हं' आलंच नाही तर ती पहिलंच वाक्य पुन्हा म्हणायची. न रागावता, आवाज न चढवता, जणू आत्ताच सुचलं आहे अशी.

मी कॉलेजसाठी वैरागहून सोलापूरला आले. वसतिगृहात जागा मिळाली नाही, म्हणून आबा मला घेऊन खोल्या बघत हिंडत होते. आबा म्हणजे माझे वडील. वैरागच्या बाजारात हमाली करायचे. दोन-तीन ठिकाणी घरमालकांनी आबांच्या खांद्यावरच्या टॉवेलकडे बघितलं आणि 'खोली गेली' म्हणून सांगितलं. दुपार कलल्यावर आम्ही शहराच्या पूर्व भागात, तेलुगू विणकरांच्या वस्तीत शिरलो. दोन्ही बाजूंनी यंत्रमागांचा खडखडाट चालला होता. एका बैठ्या घराच्या ओट्यावर एक बाई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसली होती.

"खोली मागं आहे," ती म्हणाली आणि गप्प झाली.

आम्हीही गप्प. पुढं काय सांगते याची वाट बघत उभे राहिलो.

"खोली मागं आहे."

आबांनी माझ्याकडं बघितलं, मग तिच्याकडं. "व्हय," ते म्हणाले.

"नळाला रोज पाणी नाही."

"व्हय."

"पोरगं शिकणार का?" म्हणजे मी. अक्काच्या मराठीत बाई-पुरुष सगळे एकाच दोरीनं बांधलेले असायचे.

"शिकणार की. लई हुशार हाय."

"मग राहू दे."

परत जाताना कोपऱ्यावर आबा थांबले. म्हणाले, "बाई बरी हाय. आपल्या उत्तराला थांबती. आमच्यासारख्याच्या उत्तराला कोण थांबतं गं?"

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. मी पदवी घेतली, नंतर बी.एड. केलं, एका खासगी शाळेत शिकवायला लागले, आणि एवढी सगळी वर्षं त्याच मागच्या खोलीत राहिले. माझ्या पदवीत आबांच्या पाठीचा वाटा आहे आणि अक्काच्या चुलीचाही. परीक्षेच्या दिवसांत ती दाराशी ताट ठेवायची. "भात ठेवला," म्हणायची आणि थांबायची. पुस्तकातून डोकं वर न काढता 'हं' म्हटलं की निघून जायची. नाही म्हटलं तर, "भात ठेवला." एकदा मी वैतागून म्हणाले, "अक्का, कळलं की हो!" तर म्हणाली, "कळला असेल. मला कसा कळणार, तुला कळला ते? हं म्हण की."

तिला मूल नव्हतं. नवरा भिवंडीला मागावर काम करायला गेला तो परत आलाच नाही. हे ती हसत सांगायची. "भिवंडीला जातो म्हणाला. मी हं म्हणायच्या आत गल्ली ओलांडला." मग सुपातली विडी मिटताना म्हणायची, "उत्तर न घेता जाणारा माणूस परत येत नाही, पिल्ला. त्याला रस्ताच नसतो." तेलुगूत पोरीला पिल्ला म्हणतात. मला तो शब्द पहिल्या दिवसापासून आवडला.

घरात तिच्या बहिणीची मुलगी वाढली होती, सुवर्णा. बहीण बाळंतपणात गेली तेव्हापासून सुवर्णाला अक्कानंच वाढवलं. सगळी गल्ली नरसम्माला अक्का म्हणायची. सुवर्णा तेवढी 'पेद्दम्मा' म्हणायची, म्हणजे मोठी आई. मी राहायला आले तेव्हा सुवर्णाचं लग्न होऊन ती दोन गल्ल्या पलीकडं नांदत होती, पण दिवसातून एकदा तरी ओट्यावर यायची. बोलकी, चटपटीत, कुणाचंही काम अंगावर घेणारी. महिला मंडळ तिनंच काढलेलं. माझ्या रेशनकार्डासाठी ती माझ्याबरोबर ऊन खात उभी राहिली आहे, हे मी विसरले नाही. पुढचं लिहितानाही विसरणार नाही.

अक्काच्या थांबण्याचं कारण मला पहिल्या बतुकम्माला कळलं.

बतुकम्मा हा आमच्या वस्तीतल्या तेलुगू बायकांचा सण. पितृ अमावस्येला सुरू होतो आणि दसऱ्याच्या तोंडावर संपतो. ताटात भोपळ्याचं पान घालून त्यावर फुलांचे थर रचत जायचं. तरवड, कुरडू, झेंडू, शेवंती. देवळाच्या शिखरासारखा ढीग झाला की वर हळदीची गौरम्मा बसवायची. संध्याकाळी सगळ्या गल्लीची ताटं चौकात मधोमध येतात, बायका भोवती रिंगण धरून टाळ्या देत फिरतात, आणि शेवटच्या दिवशी तलावात सोडतात. पहिल्या वर्षी मी गावाकडून येताना आबांना सांगितलं, तरवड आणि कुरडू हवं आहे. आई कपाळाला हात लावून म्हणाली, "आगं, कुरडू म्हंजी तण की! आमी उपटून बांधावर टाकतो, आन् ह्या देव म्हणून पुजत्यात व्हय?" आबा मात्र दुसऱ्या दिवशी पोतंभर घेऊन आले. तेव्हापासून दर वर्षी वैरागच्या एसटीतून आबांचं फुलांचं पोतं यायचं आणि अक्का ते स्वतःच्या हातानं सोडायची. "आबाचा फूल आला," अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणायची. गल्ली म्हणायची, "हं."

रिंगणात अक्का म्होरकी. ती एक ओळ म्हणायची, शेवटी 'उय्यालो' हा पालुपदाचा शब्द यायचा, आणि मग ती थांबायची. ती ओळ सगळ्या बायका उचलायच्या, परत द्यायच्या, आणि तेव्हाच अक्का पुढची ओळ सोडायची. कुणी म्हातारी धापा टाकत असेल, कुणी पोरीचं नाक पुसायला वाकली असेल, तर अक्का तेवढं जास्त थांबायची. रिंगण तिच्या श्वासावर चालत नव्हतं. ती रिंगणाच्या श्वासावर चालत होती. चाळीस वर्षं जी बाई ओळ सोडून उत्तराला थांबली, ती चहाला तरी वेगळी कशी बोलणार?

आणि आमच्या गल्लीची आणखी एक रीत होती. दुसऱ्या गल्ल्यांत आहे की नाही, मला माहीत नाही. शेवटच्या संध्याकाळी, ताटं उचलायच्या आधी, त्या वर्षात गल्लीत जे कोणी वारले त्यांचं एकेक नाव अक्का गाण्यात घ्यायची. नाव घेऊन थांबायची. सगळं रिंगण ते नाव परत म्हणायचं. गौरम्मा सासरी निघाली, वाटेला सोबत म्हणून हेही जातात, असा त्याचा अर्थ. ज्या घरचं माणूस असेल त्या घरच्या बाया तिथंच रडून घ्यायच्या. "नाव एकटीनं घ्यायचं नाही," अक्का म्हणायची. "एकटीनं घेतलं की जात नाही. मध्येच राहतं."

मग कोरोनाचं वर्ष आलं.

माग बंद पडले. वस्तीतला खडखडाट थांबला तेव्हा पहिल्यांदा कळलं की आमच्या गल्लीत चिमण्या आहेत. विड्यांची पानं-तंबाखू मिळेना. माझी शाळा मोबाइलवर आली. आणि माणसं जायला लागली. दवाखान्यात नेलेलं माणूस परत घरी न येता तिकडूनच जायचं. समोरच्या बालमणीचा नवरा असाच गेला. धडधाकट माणूस, स्वतःच्या पायानं गाडीत बसला होता. बालमणी दारात उभी राहून विचारत होती, "मी रडायचं कुणाच्या अंगावर?" कुणी जवळ जात नव्हतं. ओट्यावरून अक्का म्हणाली, "बतुकम्मा येऊ दे, बालमणी." आणि थांबली. बालमणीनं पदरातून 'हं' म्हटलं.

त्या वर्षी अधिक महिना आला आणि सण लांबला. तोवर तरवड गळायला लागला होता. चौकात जमायची परवानगी नाही, तलावावर जायची नाही, हे पोलीस सांगून गेले. बायकांनी ठरवलं की प्रत्येकीनं आपल्या दारात छोटं ताट मांडायचं, दारातच फिरायचं, बादलीत सोडायचं. पण गाणं? अक्काला तोवर तंबाखूच्या धुळीनं दम धरला होता. मास्क लावून अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं गाणं तिला जमणार नव्हतं.

सुवर्णानं तोड काढली. "पेद्दम्मा, फोनमध्ये भरून घेऊ. खांबावर स्पीकर लावू. सगळ्यांच्या दारात तुझा आवाज जाईल."

माझ्यासमोर सुवर्णा मराठीतच बोलायची, त्यामुळं हे सगळं मी कानांनी ऐकलेलं आहे.

अक्कानं मान हलवली. याआधीही कितीजणांनी विचारलं होतं. तिनं आवाज कधी भरू दिला नव्हता. "डब्यातला आवाज थांबत नाही. तो ऐकणाऱ्याकडं बघत नाही."

"बालमणीला काय सांगायचं मग? तिच्या नवऱ्याचं नाव नाही घ्यायचं या वर्षी?"

हे अक्काला लागलं. सूप बाजूला ठेवून ती उठली, देवळीतली हळदीची गौरम्मा घेऊन आली आणि सुवर्णापुढं धरली. "फक्त या वर्षी. रिंगण चालू झाला की पुसायचं. हिच्यावर हात ठेव."

सुवर्णानं हात ठेवला. "पुसते, पेद्दम्मा. शपथ."

अक्का थांबली. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "पिल्ला, तू ऐकला."

"हं," मी म्हणाले.

माझ्या खोलीत, खिडकीला गोधडी लावून, भर दुपारी आवाज भरला. मधे ताट ठेवलं. अक्का त्या ताटाभोवती एकटीच फिरत होती, टाळ्या देत. एक ओळ म्हणायची आणि थांबायची. जेवढा वेळ रिंगण घेईल तेवढा पूर्ण थांबायची. सुवर्णा फोन धरून बसली होती. दोन ओळींनंतर तिनं हातानं थांबवलं. "पेद्दम्मा, मधे रिकामं जातंय. सलग म्हण."

"मी थांबला नाही, तर त्या कुठं म्हणणार?"

"त्या नाहीतच की इथं."

"आहेत," अक्का म्हणाली. "तू धर फोन."

त्या संध्याकाळचं वर्णन मला नीट करता येणार नाही. खांबावरच्या कर्ण्यातून अक्काची ओळ आली आणि थांबली. मग एकेका दारातून, आधी घाबरत, मग मोकळ्या गळ्यानं, उत्तर आलं. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. कुणी कुणाला शिवलं नव्हतं, तरी रिंगण होतं. नावं सुरू झाली. बालमणीच्या नवऱ्याचं नाव आलं आणि आवाज थांबला. त्या थांबण्यात अख्ख्या गल्लीनं ते नाव परत दिलं. बालमणी दारातल्या ताटापुढं बसली आणि पहिल्यांदा मोठ्यानं रडली.

आपल्या दारात उभी राहून अक्का स्वतःच्याच आवाजाला उत्तर देत होती. नंतर मला म्हणाली, "इतक्या वर्षांत मी कधी उत्तर दिला नव्हता, पिल्ला. चांगला वाटतो. परत देणं बरं असतं."

पुढच्या उन्हाळ्यात, दुसऱ्या लाटेत, आबा गेले. त्यांना बार्शीच्या दवाखान्यात नेलं होतं. मी पोहोचेपर्यंत सगळं संपून गेलं होतं. आईला आणि मला त्यांचं तोंडही दिसलं नाही. सोलापूरला परतले त्या दिवशी अक्का माझ्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर येऊन बसली. रडू नको म्हणाली नाही, जेव म्हणाली नाही. विचारलं, "आबाचं नाव काय?"

मी कधी सांगितलंच नव्हतं. "दगडू."

"दगडू," ती म्हणाली आणि थांबली.

मला 'हं' म्हणायला खूप वेळ लागला. ती थांबून राहिली.

"रिंगण होऊ दे," मग ती म्हणाली. "त्याचा फूल माझ्या ताटात इतकी वर्षं आला. तो गल्लीचाच आहे. गौरम्माबरोबर पाठवू."

मी शिकलेली आहे. नाव गाण्यात घेतल्यानं माणूस कुठं पोहोचतो, असं वर्गात मुलांनी विचारलं तर काय सांगेन, ठाऊक नाही. पण माझ्या आबांना कुणी खांदा दिला नव्हता. ते नाव शंभर बायकांच्या तोंडून परत यावं, एवढंच मला हवं होतं.

त्या वर्षीही परवानगी मिळाली नाही. सुवर्णानं पुन्हा तोच आवाज आणला. अक्का चमकली. "पुसला नाही?"

"ठेवला होता, पेद्दम्मा. बघ, लागला की नाही?"

अक्कानं बऱ्याच वेळानं 'हं' म्हटलं. नवीन नावं मात्र तिनं भरू दिली नाहीत. "ही रिंगणातच. पुढच्या वर्षी. दोन्ही वर्षांची एकदम." आणि ती नावं विसरू नयेत म्हणून तिनं आपली युक्ती काढली. रोज सकाळी पहिल्या काही विड्या नावांच्या. एका नावाला एक विडी. वळायची, नाव नुसतं उच्चारायची, विडीचं तोंड मिटायची. शाळेला जाताना मला ओट्यावरून रोज 'दगडू' ऐकू यायचं.

त्याच्या पुढच्या वर्षी सगळं उघडलं. चौकाऐवजी बतुकम्मा मोठ्या मैदानावर ठरला. सुवर्णा तोवर 'सुवर्णाताई' झाली होती. निवडणुकीची हवा होती; खांबाखांबावर तिचा हात जोडलेला फोटो होता. तिनं अक्काला नवी कोरी साडी पाठवली. अक्का पंधरा दिवस गरम पाणी पीत होती, दम सांभाळत होती, नावांचा क्रम लावत होती. वैरागहून आईनं पोतं पाठवलं, आबांच्या पद्धतीनं तोंड शिवलेलं. अक्कानं सोडलं आणि म्हणाली, "आबाचा फूल आला." मला आठवतंय, त्या दिवशी ती तरुण दिसत होती.

मैदानावर मंडप, रंगीत दिवे, व्यासपीठ. अक्काचं ताट मांडवाच्या कडेला ठेवायला लावलं. मधे भाड्यानं आणलेला थर्माकोलचा भला मोठा बतुकम्मा होता. अक्काला व्यासपीठावर खुर्चीत बसवलं. शाल, नारळ, टाळ्या. सुवर्णा माइकवर म्हणाली, "आणि आता आदरणीय नरसम्मा अक्कांच्या आवाजात आपला बतुकम्मा!"

पेद्दम्मा नाही. आदरणीय नरसम्मा अक्का.

अक्का खुर्चीतून उठली, पदर खोचला आणि माइककडं निघाली. दोन पावलं टाकली असतील. तेवढ्यात चारी बाजूंच्या स्पीकरमधून तिचाच आवाज सुरू झाला.

आवाजाखाली दणदण ढोल घातला होता. आणि सगळी थांबणी कापून टाकली होती. ओळीला ओळ चिकटून येत होती. एकीचा 'उय्यालो' संपायच्या आत दुसरी सुरू. पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी सवयीनं उत्तराला तोंड उघडलं, ओळ निसटली, पुन्हा उघडलं, पुन्हा निसटली. मग त्यांनी तोंडं मिटली आणि नुसत्या टाळ्या द्यायला लागल्या. तरुण पोरी छान नाचत होत्या. नावांची जागा मला पाठ होती. ती आली तेव्हा गाण्यानं उडी मारली आणि दुसरंच कडवं लागलं. बालमणीच्या नवऱ्याचं नावसुद्धा ठेवलं नव्हतं.

अक्का व्यासपीठाच्या मधोमध उभी होती. आपल्याच आवाजापुढं, माइककडं अर्धा हात केलेली.

मागच्या बाजूला सुवर्णा भेटली. अक्काच्या आधी मीच बोलले, "शपथ घेतली होतीस."

"टीचर, तुम्ही समजून घ्या. या पोरींना तेलुगू येतं का? इंग्लिश शाळेत जातात. उत्तर द्यायला रिंगणात उरलंय कोण? नाचायला तरी येतात. आणि सणाच्या दिवशी मेलेल्यांची नावं? पाहुणे काय म्हणतील?" मग अक्काचे हात धरून म्हणाली, "पेद्दम्मा, तुझा दम बघून केलं. तुला त्रास नको म्हणून. आणि आवाज तुझाच आहे की!"

अक्कानं हात सोडवून घेतले. "आवाज माझा आहे," ती म्हणाली. "माझं थांबणं कुठं आहे?"

सुवर्णा काही बोलणार होती. तेवढ्यात कुणीतरी 'ताई, साहेब आले' म्हणून हाक मारली आणि ती गेली. उत्तर न देताच गेली.

अक्कानं कडेचं आपलं ताट उचललं. मी तिच्याबरोबर निघाले. आमच्या चौकात दिवा होता, पण माणूस नव्हतं. सगळी गल्ली मैदानावर. बालमणीलाही सुवर्णानं स्वयंसेवकाचा बिल्ला लावून तिकडंच उभं केलं होतं. अक्कानं ताट मधोमध ठेवलं, शाल घडी करून पायरीवर टाकली आणि एक ओळ म्हटली. थांबली. माझ्या मोडक्या तेलुगूत मी ती परत दिली. दुसरी म्हटली, मी परत दिली. दोघींत कसलं रिंगण? ताटाच्या या बाजूला ती, त्या बाजूला मी. मैदानावरून तिचा दुसरा आवाज, ढोलासकट, येतच होता.

नावांची वेळ आली आणि ती गप्प झाली.

"अक्का, आबांचं तरी घ्या," मी म्हणाले.

"एकटीच्या उत्तरावर नाव जात नाही, पिल्ला. मध्येच राहील. मग त्याला ना इकडचा रस्ता, ना तिकडचा."

"मी मोठ्यानं म्हणते."

तिनं माझ्या गालावर हात ठेवला. हाताला तंबाखूचा वास होता. "तू चांगली म्हणतो," ती म्हणाली. पण नाव घेतलं नाही. तिच्या त्या हट्टाचा मला तेव्हा राग आला होता. आज येत नाही. आयुष्यभर जे खरं मानलं, त्यात माझ्या समजुतीसाठी तिनं खोट मिसळली नाही, एवढंच.

त्यानंतर अक्का गायली नाही. विड्या वळायची, पण सकाळची नावं बंद झाली. दम वाढत गेला. पुढच्या वर्षी कुणी बोलावलं नाही. बोलवायची गरजच नव्हती, आवाज होताच. मैदानावर तो लागला की ती खिडकी लावून घ्यायची.

शेवटच्या पावसाळ्यात ती अंथरुणाला खिळली. एके दुपारी सुवर्णा आली. सफरचंदं घेऊन, एकटीच, बरोबर कुणी माणसं नाहीत. पायाशी बसली. पाय चेपत राहिली. डोळे भरलेले होते, ते खरे होते. मी साक्षीला होते. बराच वेळ इकडचं-तिकडचं बोलली. अक्का ऐकत होती. मग सुवर्णा उठली, दारापाशी गेली आणि म्हणाली, "येते मी, पेद्दम्मा."

आणि थांबली. शेवटी तिलाही अक्कानंच वाढवलं होतं. उत्तराशिवाय उंबरा ओलांडायची तिलाही सवय नव्हती.

अक्का जागी होती. डोळे उघडे होते. वर पत्र्याकडं बघत होती.

"येते की मी, पेद्दम्मा."

बाहेर मागांचा खडखडाट चालू होता. सुवर्णा चौकटीला हात लावून उभी राहिली. मलाच ते सहन होईना. वाटलं, आपणच 'हं' म्हणावं. पण ते माझं नव्हतं. बऱ्याच वेळानं सुवर्णा तशीच गेली. चहाला, भाताला, पाण्याला, अख्ख्या जगाकडून ज्या बाईनं 'हं' मागून घेतलं, तिनं एवढं एक दिलं नाही.

पितृपक्ष लागायच्या आधी अक्का गेली. शेवटचं बोलणं माझ्याशीच झालं. "पाणी ठेवला?" तिनं विचारलं. मी 'हं' म्हणाले. मग तिनं डोळे मिटले.

त्या वर्षी बतुकम्माला मैदानाच्या कमानीवर अक्काचा फोटो लागला. खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली', आणि त्याखाली हात जोडलेली सुवर्णा, अक्काच्या दुप्पट मोठी. आईनं सवयीनं पोतं पाठवलं होतं. ते सोडायला कुणी नव्हतं, मीच सोडलं. ओट्यावर भोपळ्याचं पान घातलं, मला जमले तसे थर लावले. जरा वाकडेच झाले.

संध्याकाळी मैदानावरून अक्काचा आवाज सुरू झाला. ठणठणीत, कुठंही धाप न लागलेला. त्यात सगळं होतं, गौरम्मा होती, उय्यालो होता. आबांचं नाव नव्हतं, आणि आता तिचंही नव्हतं. आपलं नाव आपल्याला गाता येत नाही. ते दुसऱ्या कुणी घ्यावं लागतं आणि थांबावं लागतं. मी ताटापुढं उभी होते. एक ओळ आली. इतक्या वर्षांच्या सवयीनं मी 'हं' म्हणायला तोंड उघडलं.

तोवर पुढची ओळ सुरू झाली होती.